तोरणमाळ पायी : पायथ्यापासून यशवंत तलावापर्यंत एका दिवसात

तोरणमाळ हे नंदुरबार जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या पठारावरचं थंड हवेचं ठिकाण. तिथे वरपर्यंत डांबरी रस्ता जातो, एसटी जाते. पायी चढणाऱ्यांचा घोटाळा इथूनच सुरू होतो. 'वर गाडी जाते, म्हणजे अवघड ते काय असणार' असं म्हणत लोक दीड लिटरची एक बाटली आणि वेफर्सची पाकिटं घेऊन निघतात आणि अर्ध्या चढावर, दहा वाजताच, पाणी संपवून बसतात. गाडीला सातपायरी घाटाची वळणं आहेत. पायवाटेला ती सवलत नाही.

खालचं तालुक्याचं गाव शहादा समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आतबाहेर, तर तोरणमाळचं पठार सुमारे १,१५० मीटरवर. यातला काही भाग गाडीने पायथ्याला पोचेपर्यंत हळूहळू चढून होतो. उरलेला सहाशे ते आठशे मीटरचा चढ पायांवर येतो. कुठल्या पाड्यातून वाट धरता, त्यावर नेमका आकडा ठरतो. सातपुड्याचा हा भाग काळ्या बेसाल्टचा, थरांवर थर रचलेला. म्हणून चढही सलग नाही. एक दमछाक करणारा टप्पा, मग थोडा सपाट पदर, पुन्हा टप्पा. पहिल्या पदरावर पोचलं की माथा आल्यासारखा वाटतो. तो माथा नसतो.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी वर पायी जावं आणि खाली गाडीने यावं. अपघात, मुरगळलेले पाय आणि अंधारात अडकणं हे बहुतेक उतरतानाच घडतं, आणि इथे उतरणं टाळायची सोय आहे. ती नाकारण्यात शौर्य नाही. दोन्ही वेळा पायीच जायचं असेल तर पुढचे आकडे जास्त काटेकोरपणे पाळावे लागतील.

कधी जावं

नोव्हेंबर ते मध्य फेब्रुवारी. ऑक्टोबरात ऊन कडक असतं, गवत कमरेएवढं वाढलेलं असतं आणि वाट त्याखाली दडलेली असते. वर कुसळं मोज्यांतून आत शिरून घोटे सोलतात ते वेगळंच. जुलै ते सप्टेंबर डोंगर सुंदर दिसतो, सीताखाईच्या दरीत पाणी कोसळतं, पण कातळावर शेवाळ, पठारावर धुकं आणि मधल्या ओढ्यांचा भरवसा नाही. वर पाऊस पडला की खाली कोरडं असतानाही ओढा फुगतो. नवख्या गटाने पावसाळ्यात गाडीने जाऊन यावं. मार्चनंतर खानदेशाचं ऊन काय असतं हे खानदेशात राहणाऱ्याला सांगायला नको. त्यातून सागाची पानं गळालेली, सावली नाही, आणि वणव्याचे दिवस.

महाशिवरात्रीला गोरक्षनाथाची यात्रा भरते. महाराष्ट्रातून आणि मध्य प्रदेशातून हजारो लोक येतात. वाटेवर सोबत भरपूर मिळते, पण परतीची गाडी मिळेल असं धरून चालू नका. निवांत चढायचं असेल तर यात्रेच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा सोडा.

वाटाड्या

वाटाड्याशिवाय जाऊ नका. अनुभवी ट्रेकरनेही जाऊ नये. या उतारांवर पायवाटांपेक्षा ढोरवाटा जास्त आहेत. गुरांच्या पायांनी पडलेली वाट माणसाच्या वाटेपेक्षा रुंद आणि स्पष्ट दिसते, आणि ती चाऱ्याकडे किंवा पाण्याकडे जाते, माथ्याकडे नाही. नवखा माणूस हमखास तीच धरतो. मोबाइलच्या नकाशावर यातल्या बऱ्याच वाटा नसतातच.

वाटाड्या आदल्या दिवशी ठरवा, सकाळी नाही. पायथ्याच्या गावात संध्याकाळी जा. सरपंच, पोलीस पाटील, वन व्यवस्थापन समितीतलं कुणी किंवा शाळेचे गुरुजी यांना विचारलं की नाव मिळतं. वनविभागाच्या नाक्यावरही तेव्हाच चौकशी करा. राखीव जंगलातून जायचं आहे, तेव्हा नोंद करायची असेल, शुल्क असेल किंवा एखादी वाट बंद असेल, तर ते आदल्या संध्याकाळीच कळायला हवं.

ठरवताना 'वाट माहीत आहे का' असं विचारू नका, उत्तर 'हो'च येतं. असं विचारा : दादा, या पावसाळ्यानंतर तुम्ही या वाटेने गेला आहात का? शेवटचं पाणी कुठे लागतं, आणि या महिन्यात ते आहे का? कुणाचा पाय मुरगळला तर मधूनच गाडीरस्त्याला कुठून लागता येईल? फोनला रेंज कुठे येते? चौथा प्रश्न लोक विसरतात आणि तोच सगळ्यात उपयोगी आहे. वाटाड्याला नेमकी जागा माहीत असते, अमुक खडकावर उभं राहिलं की लागतो, असं. ती जागा चढताना पाहून ठेवा.

तो सांगेल तो वेळ दुप्पट धरा. 'दोन तासांत पोचू' हे त्याच्या पायांचं मोजमाप आहे. 'आलंच की' याचा अर्थ अजून पाऊण तास.

इथली वस्ती बहुतेक भिल्ल आणि पावरा समाजाची. घरात भिलोरी, पावरी बोलली जाते. पुरुषांना बहुधा मराठी किंवा अहिराणी येते, पण भराभर बोललेलं शहरी मराठी डोक्यावरून जातं आणि माणूस संकोचाने मान डोलावतो. सोपं, तुटक बोला आणि महत्त्वाची गोष्ट त्यांच्याकडून परत वदवून घ्या : किती वाजता, कुठे, किती माणसं. पैशांचं आदल्या दिवशीच बोला. त्याचा शेतातला किंवा मजुरीचा अख्खा दिवस जातो, जोखीम वेगळी, तेव्हा मजुरीपेक्षा जास्तच द्यायचे, घासाघीस करायची नाही. गाडीने उतरणार असाल तर त्याच्या परतीचं भाडंही तुमच्याकडे. त्याचं जेवण आणि पाणी तुमच्या हिशेबात धरा, तो स्वतः मागणार नाही. पैसे रोख ठेवा, सुट्टे. रेंज नसली की फोनवरचे पैसे फोनमध्येच राहतात.

आठ-दहा माणसांमागे एक वाटाड्या. त्याहून मोठा गट असेल तर दुसरा घ्या आणि त्याला सगळ्यात मागे ठेवा.

वेळेचं गणित

चढाईचा जुना ठोकताळा असा : सपाटीवर तासाला पाच किलोमीटर, वर प्रत्येक सहाशे मीटर चढाला एक तास जास्त. समजा वाट नऊ किलोमीटरची आणि चढ साडेसातशे मीटरचा आहे. अंतराचे पावणेदोन तास, चढाचा सव्वा तास, मिळून तीन. पण हा हिशेब तयारीच्या माणसाचा, चांगल्या वाटेचा आणि न थांबता चालण्याचा. आपल्याकडच्या मिश्र गटासाठी त्याची दीडपट करा : साडेचार तास. यापेक्षा कमी धरलं तर दुपारी त्याची फेड करावी लागते.

म्हणून पाय वाटेला लागायला हवेत सकाळी साडेसहाला, उजाडताना. शहाद्याहून पायथा गाठायला लागणारा वेळ यातून उलटा मोजा. नंदुरबार किंवा धुळ्याहून त्याच सकाळी निघालात तर उशीर ठरलेला, आदल्या रात्री शहाद्यात मुक्काम करा. रेल्वेने येणाऱ्यांना नंदुरबार स्टेशन, सुरत–भुसावळ मार्गावरचं. शहाद्याहून तोरणमाळ रस्त्याने साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटर, म्हसावद, राणीपूरवरून.

परत फिरायची वेळ निघण्याआधी ठरवा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा. साडेनऊपर्यंत अर्धा चढ संपला नसेल तर दोनच पर्याय उरतात : तिथूनच मागे फिरणं, किंवा वर जाऊन गाडीने उतरणं. दोन्ही वेळा पायी जायचं असेल तर दुपारी एकला तलावाचा काठ सोडलाच पाहिजे. उतरायला साडेतीन तास, कुणी लंगडलं तर पाच. नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो, आणि घळीत त्याच्या अर्धा तास आधीच काही दिसेनासं होतं.

शरीराची तयारी

सहा आठवडे पुरतात. चाचणी घरच्या जिन्यावर घेता येते. तीन मजली इमारत म्हणजे नऊ-दहा मीटर. पाठीवर पाच किलोचं वजन घेऊन तीस वेळा वर चढा, खाली उतरा. सुमारे पावणेतीनशे मीटर चढ झाला. हे तासा-सव्वातासात झालं आणि शेवटच्या फेरीत बोलता आलं तर तोरणमाळ जमेल. फेरीगणिक कठडा धरावा लागत असेल तर अजून पंधरा दिवस द्या. धुळ्याच्या लोकांना लळिंगचा किल्ला आहेच. चाळीसगावकडच्यांनी पाटणादेवीवरून कण्हेरगड करावा. सरावाला जाताना बूट, सॅक, पाणी सगळं तेच न्या, जे खऱ्या दिवशी असेल.

रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं आणि आपली गोळी कुठल्या कप्प्यात आहे हे सोबत्याला दाखवून ठेवावं.

पायात आणि अंगावर

कातळावर पसरलेली सागाची वाळकी पानं हा या वाटेचा खरा शत्रू. साग पान टाकतो ते ताटाएवढं, आणि खाली मुरूम किंवा गोटे असले तर पाऊल पानासकट सटकतं. तळाला खोल खाचा असलेले रबरी बूट हवेत. चालायचे गुळगुळीत झालेले स्पोर्ट्स शूज नकोत. बूट किमान चाळीस किलोमीटर वापरलेले असावेत. दुकानातून थेट डोंगरावर आणलेला बूट तिसऱ्या तासाला टाचेवर फोड आणतो. अंगठ्याची नखं दोन दिवस आधी कापा. त्याच सकाळी कापली तर उतरताना टोकं दुखतात, न कापली तर नखं काळी पडतात. उतरण्याआधी नाडी घोट्याजवळ घट्ट करा म्हणजे पाऊल पुढे सरकत नाही.

पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण पँट. हे उन्हासाठी आहेच, पण त्याहून जास्त खाजकुयलीसाठी. हिवाळ्यात तिच्या शेंगा वाळतात आणि त्यांवरची सोनेरी लव वाऱ्यानेही अंगावर येते. लागली तर चोळू नका, घाम पुसायच्या रुमालाने तर मुळीच नको. चिकटपट्टी लावून उचला, मग पाण्याने धुवा, तो कपडा उलटा करून वेगळ्या पिशवीत टाका. डोक्याला टोपीपेक्षा उपरणं किंवा मोठा सुती रुमाल बरा, तो भिजवता येतो आणि गरज पडली तर हात गळ्यात बांधायलाही कामी येतो. पहाटे थंडी असते, स्वेटर लागतो, पण चालायला लागण्याआधी तो काढा. घामाने भिजलेला स्वेटर वर पठारावरच्या वाऱ्यात काही कामाचा राहत नाही.

छातीपर्यंत उंचीची एक काठी शहाद्याच्या बाजारातून घ्या. जंगलातली तोडू नका.

पाणी आणि भाकरी

हिवाळ्यात माणशी चार लिटर, फेब्रुवारीच्या शेवटाला पाच. चार किलोचं ओझं वाटतं खरं, पण पहिल्या दोन तासांत त्यातलं दीड किलो पोटात गेलेलं असतं. एका मोठ्या बाटलीपेक्षा एकेक लिटरच्या चार बऱ्या : किती उरलं ते कळतं आणि एक फुटली तरी तीन राहतात. तहान लागायची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट. नुसतं पाणी पीत राहिलात आणि घाम येत राहिला तर मीठ कमी पडून पोटऱ्यांत गोळे येतात. एका बाटलीत ओआरएस घाला. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. मीठ याहून जास्त नको.

ओढ्याचं पाणी निर्मळ दिसलं तरी वर गुरं चरतात. प्यायची वेळच आली तर दुहेरी कापडाने गाळून क्लोरीनची गोळी टाका आणि अर्धा तास थांबा. गोळी किती लिटरची आहे ते पट्टीवर वाचा. वीस लिटरची गोळी एका बाटलीत टाकणारे भेटतात.

खायला दशम्या. दुधात भिजवलेल्या, दोन दिवस मऊ राहतात, पाण्याशिवाय घशाखाली उतरतात. ज्वारीची भाकरी दुपारपर्यंत कडक होते. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि ठेचा अवश्य न्या, पण डबा तलावाच्या काठावरच उघडा. चढाच्या मध्यावर खाल्लेला खानदेशी ठेचा पुढच्या तासात एक लिटर पाणी जास्त मागतो आणि छातीत जळजळ देतो ती वेगळी. चढताना गूळ-शेंगदाणे, माणशी शंभर ग्रॅम, दर पाऊण तासाला एक मूठ. केळी न्यायचीच तर डब्यात घालून न्या, आणि सालं परत आणा.

चढताना

पुढे वाटाड्या. त्याच्या लगेच मागे गटातला सगळ्यात मंद चालणारा. हे लोकांना पटत नाही, पण एवढ्या एका गोष्टीने अर्धे त्रास संपतात. मंद माणूस मागे राहिला की पुढचे त्याच्यासाठी थांबतात, तो पोचला की निघतात, आणि विश्रांती सगळ्यांना मिळते, फक्त त्यालाच नाही. शेवटी प्रथमोपचाराची पिशवी आणि शिट्टी असलेला भक्कम गडी. मागचा दिसेनासा झाला की पुढच्याने थांबायचं.

पहिला अर्धा तास मुद्दाम हळू चाला. बोलताना धाप लागत असेल तर वेग जास्त आहे. पाऊण तास चालणं, पाच मिनिटं उभ्याने थांबणं. बसलात तर पाय आखडतात, म्हणून बसायचं ते एकदाच, मधल्या पदरावर, पंधरा मिनिटं. वाटाड्या आपणहून थांबणार नाही. तुम्ही दमलात तर सांगाल, असं तो धरून चालतो. त्याला वेळ आधीच सांगून ठेवा.

घसाऱ्यावर एकामागे एक सरळ रेषेत चालू नका, वरच्याच्या पायाने सुटलेला धोंडा खालच्याच्या नडगीवर येतो. तिरके, अंतर ठेवून जा, आणि दगड सुटला तर 'दगड!' एवढंच ओरडा. हात ठेवायच्या आधी खडकाची खाच पाहा, सकाळच्या उन्हात तिथे फुरसं किंवा घोणस पडलेली असू शकते. कड्याजवळ आग्या मोहोळ असेल तर वाटाड्या आवाज बंद करायला सांगेल, तेव्हा खरोखर बंद करा. अत्तर नको, धूर तर नकोच. माशा उठल्याच तर डोकं-तोंड उपरण्यात गुंडाळून आल्या वाटेने लांब पळा. एका जागी हातवारे करत उभं राहणाऱ्याला जास्त चावतात. विडी-सिगारेट दिवसभर बंद. वाळलेल्या पाल्यात एक थोटूक पुरतं.

फोन चढताना फ्लाइट मोडवर ठेवा. रेंज शोधता शोधता बॅटरी दुपारपर्यंत संपते. वाटेची नोंद मात्र चालू ठेवा, जीपीएसला रेंज लागत नाही.

काही झालंच तर

डोकं दुखणं, मळमळ, चिडचिड ही उन्हाची पहिली पावलं. सावलीत झोपवा, पाय उंच करा, कपडे सैल करून अंग ओलं करा, वारा घाला, घोट घोट ओआरएस द्या. तो माणूस त्या दिवशी पुढे चढणार नाही, बरं वाटलं तरी. असंबद्ध बोलायला लागला तर तो उष्माघात आहे. पाणी पाजत बसू नका, अंग गार करत राहा आणि १०८ला फोन लावा.

सर्पदंशाला ब्लेड, आवळपट्टी, चोखणं यांतलं काहीही नाही. अंगठी-कडं काढा, पाय काठीला बांधून हलणार नाही असा करा, माणसाला चालू न देता उचलून न्या. लस सरकारी दवाखान्यात मिळते, साप मारून सोबत न्यायची गरज नसते. एक जण वाटाड्याबरोबर रेंजच्या जागेकडे, बाकीचे रुग्णाजवळ. घोटा मुरगळला तर बूट काढू नका, सुजेमुळे तो परत चढत नाही. वरूनच पट्टी आवळा.

तलावावर

पठाराची कड चढून आलात की वाट एकदम सपाट होते आणि शेतं-घरं लागतात. इथे गट विस्कटतो, प्रत्येकाला तलाव आधी गाठायचा असतो. माणसं मोजा, मग सोडा. यशवंत तलाव पठाराच्या मधोमध, उथळ वाटीसारखा पसरलेला आहे. गोरक्षनाथाचं मंदिर जवळच. पाण्यात पोहायला उतरू नका : काठाला चिखल, आत वनस्पतींची गुंतवळ, आणि दमलेल्या पायांना गार पाण्यात गोळे येतात. बोट सुरू असेल तर लाइफ जॅकेट घालून बसा. बूट-मोजे काढून पाय वाळवा, लाल झालेल्या जागी फोड येण्याआधीच चिकटपट्टी लावा, आणि मगच डबा उघडा.

सीताखाई आणि खडकी पॉइंट त्याच दिवशी पाहायचे असतील तर ते गाडीने उतरणाऱ्यांसाठीच. कड्याच्या काठावर फोटोला उभे राहताना वाळक्या गवतावर पाऊल नको, त्याखाली जमीन असेलच असं नाही. बायाबापड्यांचे, घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

परतीची एसटी आदल्या दिवशी शहादा आगारात विचारून ठेवलेली असावी. फेऱ्या मोजक्या आहेत. जीप ठरवली असेल तर चालकाला तलावावर दुपारी दोनची वेळ द्या, आणि फोन लागणार नाही असं धरूनच बोला : आम्ही आलो नाही तर पाचपर्यंत थांबा, त्यानंतर वनविभागाच्या नाक्यावर कळवा.

पायी उतरणाऱ्यांनी गुडघे किंचित वाकवून, छोटी पावलं टाकत, काठी पुढे टेकवत उतरावं. पळू नये. पाळी तीच : पुढे वाटाड्या, त्याच्या लगेच मागे मंद माणूस, शेवटी भक्कम गडी. प्रत्येकाकडे बॅटरी असावी, मोबाइलची नव्हे, वेगळी. पायथ्याला पोचल्यावर पुन्हा माणसं मोजा, वाटाड्याचे पैसे त्याच्या हातात द्या, आणि गाडीत बसण्याआधी मोजे उलटे करून कुसळं आणि गोचिडी काढा. गोचीड काखेत, कमरेला, गुडघ्यामागे जास्त सापडते. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल किंवा चटका द्यायचा नाही.